पाठ नसलेला बाक

बसा, बसा, उठू नका. तुमची गाडी अजून धुण्याच्या रांगेत उभी आहे, ती इतक्यात फलाटाला लागत नाही. दचकलात ना, आवाज खालून आला म्हणून? मी बोलतोय, बाक. तुम्ही टेकला आहात तोच.

टेकला आहात हे आपलं म्हणायचं. टेकायला मला पाठच नाही. चार पाय आणि वर तीन फळ्या, एवढाच माझा संसार. मधल्या फळीवर, तुमच्या मांडीशेजारी, एक पांढरी पट्टी आहे बघा. अर्धी उडालीय, पण आहे. लोक विचारतात, बाकावर कुणी कशाला रेघ मारली असेल? अहो, बाकावर रेघ मारलेली नाही, रेघेचाच बाक केलाय. सांगतो.

पण एक आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. मी जळकुकडा आहे. लाकूडच ते, जळणारच, असं म्हणाल. खुशाल म्हणा. ज्याच्यावर येईल तो बसतो आणि बसल्याबरोबर प्रत्येकाला उठायची घाई लागते, त्यानं जळू नये तर काय करावं?

टायरच्या ढिगामागे ती पत्र्याची शेड दिसते ना, तिच्यात बास्केटबॉलचं कोर्ट आहे. डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक ड्यूटी संपली की तिथे खेळतात. जमीन लाकडाची. मी त्या जमिनीतला. आणि कुठल्या कानाकोपऱ्यातला नाही, थेट बास्केटच्या समोरचा. खेळताना एखाद्याला धक्का बसला आणि पंचानं शिट्टी मारली, की तो माणूस माझ्यावर येऊन उभा राहायचा. पांढऱ्या रेघेला पाय लावायचा, चेंडू जमिनीवर आपटून घ्यायचा आणि मोकळा फेकायचा. आडवं यायची कुणाला परवानगी नसायची. सगळी शेड गप्प होऊन माझ्याकडे बघायची. म्हणजे बघायची त्याच्याकडे, पण उभा तो माझ्यावर होता की नाही?

मग छप्पर गळायला लागलं. माझ्या शेजारच्या फळ्या फुगल्या, कुजल्या. सुतार आला आणि त्यानं सगळा तुकडाच उपटायला घेतला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. माझं उलटं झालं, ओल्याबरोबर सुकं निघालं. मला हातात घेऊन त्यानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हे तर खणखणीत आहे. टाकायचं कशाला? बाक करू." झालं माझं कल्याण. माझ्या जागी नव्या कोऱ्या फळ्या बसल्या, त्यांच्यावर नवी रेघ आली, आणि मी कोर्टाच्या कडेला, माझ्याच सख्ख्या भावंडांपासून हातभर अंतरावर.

लांब कुठे फेकलं असतं तर विसरलो असतो. हातभर अंतर वाईट. रोज संध्याकाळी त्या नव्या फळ्यांना ओल्या फडक्यानं पुसायचे, कुणी बूट घालून गेलं तर ओरडायचे. माझ्यावर बाटल्या, बॅगा, घामट टॉवेल. कुणीतरी चघळून झालेलं च्युइंगगम मला खालून चिकटवलंय, अजून आहे, हात लावू नका.

तेव्हापासून माझं काम एकच, ज्यांना खेळायचं आहे पण अजून बोलावलेलं नाही त्यांना सांभाळायचं. माणसं बसतात कशी ते मला विचारा. एक जण कडेला बसतो, अर्धा हवेत, नाव घेतलं की सुटायच्या बेतात. एक जण गुडघा इतका हलवतो की माझे खिळे सैल होतात. आमचा स्टोअरवाला खिशातून शेंगा काढून ऐसपैस बसायचा आणि टरफलं माझ्याखाली ढकलायचा. त्याला कुणी बोलावू नये अशीच त्याची इच्छा असायची, आणि देव त्याचं ऐकायचा.

आणि एक होता पंक्चर.

हा टायरच्या खात्यातला. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. त्याचा थोरला भाऊ आमच्या संघातला हुकमाचा एक्का. तो लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर, सगळा डेपो त्याला दादा म्हणायचा. कोर्टावरही चक्र त्याच्याच हातात. चेंडू तोच आणणार, कुणाला द्यायचा तोच ठरवणार, आणि बहुतेक वेळा स्वतःलाच द्यायचा. पण खेळायचा झकास, ते नाकारून चालणार नाही.

दादा दमला की येऊन माझ्यावर बसायचा, टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढायचा, आणि त्याच्या जागी पंक्चर उठायचा. तेवढ्या वेळापुरता चेंडू त्याच्या हातात. आणि काय सांगू तुम्हाला, तेवढ्या वेळात तो समोरच्या संघाची हवा काढायचा. कुणाच्या हातातून चेंडू काढून घे, कुणाला नेमका मोकळ्या जागेत दे, मधूनच स्वतः बास्केट कर. पाहणारे म्हणायचे, काय नशीब आहे, येतो आणि करून जातो.

नशीब कसलं? बसलेला असताना तो काय करायचा ते मला ठाऊक आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत थांबतात ना, तसा तो बघत बसायचा. कोपरं गुडघ्यांवर, उजव्या हाताचा अंगठा माझ्या पांढऱ्या पट्टीवरून पुढे-मागे. तो लांबडा वळताना नेहमी डावीकडेच वळतो. तो ठेंगू आता कंबरेवर हात ठेवायला लागला. सगळं बघून झालं, दादा आला, की अंगठा थांबायचा. पट्टीवर एक थाप मारायचा आणि उठायचा. इतके लोक माझ्यावरून उठले, थाप मारून उठणारा तो एकटा. माझा जीव जडला त्याच्यावर, उगाच का लपवू?

एक मात्र सांगायला हवं. दादा टॉवेल ओढून बसायचा खरा, पण झोपलेला नसायचा. धाकट्यासाठी टाळ्या पडल्या की त्याची मांडी माझ्यावर ताठ व्हायची. जास्त टाळ्या पडल्या की टॉवेल काढून म्हणायचा, "मास्तर, मी झालो ताजा. पाठवा मला." मांडी कशानं ताठ होते ते मला कळतं. मी स्वतः जन्मभर तसाच ताठ आहे.

मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक, डेपोचे निवृत्त टायमकीपर. उभी हयात गाड्या सोडण्यात गेलेली. शब्द मोजून बोलायचे आणि घड्याळ बघून थांबायचे.

आता बायकांकडे येऊ. सामन्याला घरची मंडळी माझ्या मागच्या पायऱ्यांवर बसायची. तिथे दादाची बायको आणि पंक्चरची बायको शेजारी शेजारी, सख्ख्या जावा. पंक्चरची बायको डेपोतच तिकीट खिडकीवर. कामाला चोख, बोलायला सरळ. एकदा सामना सुरू झाला, पाच जण आत गेले, आणि ती मागून म्हणाली, "सगळ्यांचे नवरे खेळायला येतात. माझाच तेवढा बसायला येतो."

थोरली जाऊ साखर घोळून म्हणाली, "बसू दे की गं. बॅगा सांभाळायला घरचं माणूस असलेलं बरं."

पंक्चरचा अंगठा पट्टीवर तिथल्या तिथे थांबला. त्या संध्याकाळी तो आत गेला, खेळला, सामना फिरवून आला, पण पायऱ्यांकडे त्यानं पाहिलं नाही. आणि मी तिच्यावर रागावलो. बसायला येतो म्हणजे? माझ्यावर बसणं हे काय काम नाही?

त्याच सुमारास पहिल्या पाचांतल्या एका कंडक्टरची बदली झाली. एक जागा मोकळी. आता आमच्या डेपोची एक रीत आहे. रजा, पाळी, चांगला रस्ता, नवी गाडी, सगळं नंबरानं मिळतं. जो आधीपासून रांगेत, तो वर सरकणार. कामाला ती रीत बरी आहे, भांडणं होत नाहीत. पण या लोकांनी तीच रीत कोर्टावरही आणली होती. बाकावर सगळ्यांत जुना पंक्चर, म्हणजे मोकळी जागा पंक्चरची. कुणी विचारसुद्धा केला नाही. उलट सगळे त्याची पाठ थोपटायला लागले, बढती झाली म्हणून चहा मागायला लागले.

मास्तरांनी एकदा सांगून पाहिलं. माझ्यावर त्याच्या शेजारी बसून म्हणाले, "पंक्चर, पहाटेची पहिली गाडी रिकामीच जाते रे. मान तिला असतो. माणसं दुसऱ्या गाडीनं जातात."

"मास्तर, मला कळतंय. पण मला घरी बायकोसमोर जायचं असतं."

दादा समोर उभा होता, तो म्हणाला, "घ्या की त्याला वर. माझ्या शेजारी खेळेल, शिकेल." ऐकणाऱ्याला वाटावं, काय भाऊ आहे. पण मी मनात म्हटलं, पक्का आहेस. धाकटा तुझ्या शेजारी खेळला की चेंडू तुझ्या हातात आणि टाळ्याही तुझ्याच. तुझ्या जागी तो उभा राहायची वेळच येणार नाही.

बायकोनं त्याला पांढरे शुभ्र बूट आणले. पहिल्या सामन्याला तो ते घालून आला, बॅग माझ्यावर ठेवली आणि न बसता थेट आत गेला. थाप नाही, काही नाही. त्या नव्या फळ्यांवर त्याचे नवे बूट करकरत होते आणि मी बॅग सांभाळत होतो. जाऊबाईंचं बोलणं शेवटी माझ्याच वाट्याला आलं.

मग जे व्हायचं ते झालं. पंक्चरला आता बाजूची जागा मिळाली होती. काम काय, तर कोपऱ्यात उभं राहायचं आणि दादानं दिला तर चेंडू घ्यायचा. दादा देतोय कशाला? कधीमधी दिलाच, तर समोर कमरेवर हात ठेवलेला ठेंगू नव्हता, ताजा, खवळलेला माणूस होता. कुणाचा बुडबुडा कुठून येतोय ते बघायला वेळच नाही, कारण खेळ सुरू झाल्याबरोबर पळायचं. माणूस तोच, हात तेच, पण हातून काही होईना. चेंडू निसटायला लागले. लोक म्हणाले, बूट बदलले आणि खेळ गेला. बूट कसले, जागा बदलली, काम बदललं.

आणि नुकसान एकट्याचं नव्हतं. पंक्चर आत गेल्यामुळे बाकावर उरला स्टोअरवाला. दादा दमला की याला उठवावं लागायचं. हा आत जाऊन चेंडू दुसऱ्याकडे असा ढकलायचा जसा काही उधारीवाला दारात आलाय. त्यामुळे दादाला बसताच येईना. दमलेल्या ड्रायव्हरच्या हातात गाडी, दुसरं काय. जो संघ सहसा हरत नव्हता तो कसाबसा जिंकायला लागला, धडपडत अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

खरं सांगू? मला बरं वाटत होतं. जा, म्हटलं, जा त्या नव्या फळ्यांवर, बघ तुला कुणी ओळखतं का. अशी माझी वृत्ती. पण रात्रीचे दिवे बंद करायच्या आधी तो बॅग उचलायला यायचा आणि हात चुकून पट्टीला लागायचा, तेव्हा तो हात थंड असायचा. मग माझंच मन मला खायचं.

अंतिम सामना काचकारखान्याच्या संघाशी. जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल आमच्या डेपोत कधीच आली नव्हती. सगळा डेपो पायऱ्यांवर, सामना चुकू नये म्हणून दोन गाड्या उशिरा सुटल्या म्हणे. पंक्चरची बायको खिडकीवरून सुटी काढून आलेली, चांगली साडी नेसून, मान वर करून.

मध्यंतरापर्यंत आमची दैना झाली. दादा धापा टाकत होता, तरी चेंडू सोडत नव्हता. पंक्चर कोपऱ्यात हात पुढे करून उभा, भर सामन्यात बस चुकलेल्या माणसासारखा. मध्यंतराची शिट्टी झाली, सगळे माझ्याभोवती आले. पंक्चर म्हणाला, "मास्तर, मला बसवा."

मास्तरांनी विचारलं, "दुखतंय काही?"

"दुखत नाही. इथून मला काही दिसत नाही. मला बसून बघू द्या. दादा दमला की त्याच्या जागी पाठवा, पूर्वीसारखं."

"आणि आत कुणाला घालू?"

सगळ्यांनी स्टोअरवाल्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली शेंग खाली पडली.

पाठीमागे कुजबुज झाली. थोरल्या जावेनं लगेच विचारलं, "काय गं, काढलं का भाऊजींना?" पंक्चरची बायको तरातरा पायऱ्या उतरून माझ्यामागे आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "अहो, हे काय? सगळ्यांसमोर?"

पंक्चर बसला. कोपरं गुडघ्यांवर, अंगठा माझ्या पट्टीवर. किती दिवसांनी. तो मागे न बघता म्हणाला, "तुला वाईट वाटलं तर घरी भांड. आत्ता थोडी थांब. तो त्यांचा लांबडा बघ, बाटली कुठल्या हातात धरलीय?"

ती रागानंच म्हणाली, "डाव्या."

"मघाशी उजव्या हातात होती. उजवा खांदा गेलाय त्याचा."

ती बघत राहिली. दिवसभर खिडकीच्या जाळीतून हात बघणारी बाई ती. खेळ सुरू झाला तशी हळू आवाजात म्हणाली, "आणि तो कपाळाला निळी पट्टी बांधलेला, त्याला घाई झालीय. तिकीट घेतो आणि सुटे न घेताच पळतो ना माणूस, तसा. मागे बघतच नाही."

पंक्चरनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर. मागे बघत नाही." मग दोघंही बघत राहिले, तो बसून, ती उभ्यानं. मला एका क्षणासाठी तिचाही मत्सर वाटला. इतके दिवस हे बघणं आमच्या दोघांतलं होतं.

दादा अखेर थांबला. स्वतःहून हात वर केला, आला आणि धपकन बसला. पट्टीवर थाप पडली. पंक्चर उठला.

पुढचं काय वर्णन करू? निळ्या पट्टीवाल्याच्या मागून जाऊन त्यानं चेंडू काढला. लांबड्याला उजवीकडे वळायला लावलं, तिथे तो अडकला. स्टोअरवाल्याला बास्केटखाली असा नेमका चेंडू दिला की त्या बिचाऱ्याच्या हातून चुकून गुण झाला आणि तो स्वतःच घाबरला. पायऱ्या दणाणल्या. माझ्यावर दादानं टॉवेल तोंडावर ओढला, आणि त्याची मांडी ताठ झाली.

पंक्चरची बायको अजून माझ्यामागेच उभी होती. ती वाकून म्हणाली, "दादा, तो टॉवेल काढा. बघा तरी एकदा."

दादानं टॉवेल काढला. आपल्या जागी धाकट्याला खेळताना त्यानं पाहिलेलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तो बघत राहिला. मास्तर घड्याळ बघून म्हणाले, "चल, ऊठ. शेवटचा तुकडा तुझा."

दादा उठला नाही. कोर्टावरून नजर न काढता म्हणाला, "राहू द्या त्याला." आणि त्याची मांडी सैल पडली. माझ्यावर आजवर जे कुणी बसलं ते बोलावलं की उठलं. मन मारून का होईना, पण बोलावल्यावरही आपण होऊन बसून राहिलेला तो पहिला माणूस.

अगदी शेवटी लांबड्यानं पंक्चरला धक्का दिला. शिट्टी झाली. दोन्ही संघ बरोबरीत, आणि पंक्चर मोकळ्या फेकीसाठी त्या रेघेवर जाऊन उभा राहिला. नव्या रेघेवर. माझ्या जागेवर. शेड गप्प झाली, पूर्वी मी तिथे असताना व्हायची तशीच. तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल ते ओळखा. जळून खाक झालो मी. त्यानं चेंडू आपटून हातात घेतला, खाली पाहिलं, आणि त्याचा उजवा अंगठा चेंडूवरून पुढे-मागे फिरला. एकदा, परत एकदा. मग थांबला. त्यानं चेंडूला हलकी थाप मारली आणि फेकला.

मी तिथे नव्हतो. पण तो अंगठा माझ्याकडून गेला होता. चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा दादा माझ्यावरून असा उठला की मी उलटा पडलो.

ढाल मिळाली. साहेबांनी खूश होऊन संघासाठी नव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या, पाठ असलेल्या. फोटो काढला त्यात मी उलटाच आहे, एक पाय दिसतो. पंक्चरनं जागेबद्दल पुन्हा काही मागितलं नाही, आणि डेपोनं ती नंबराची रीत कोर्टापुरती सोडून दिली. त्याच्या बायकोला जावेनं पुढे एकदा टोमणा मारला, तर ती म्हणाली, "हो, बसतो माझा नवरा. बसल्यावर त्याला दिसतं." असं म्हणतात. मी ऐकायला नव्हतो, कारण मला बाहेर काढलं होतं. भंगारात जायचो, पंक्चरनं उचलून इथे टायरखात्याच्या दाराशी ठेवलं.

त्या खुर्च्यांवर माझा राग आहेच. पाठ असली की माणूस टेकतो, आणि टेकला की बघणं संपतं. पण आता दुपारी तो आणि ती डबा घेऊन माझ्यावर बसतात. त्याचे गुडघे गेलेत, खेळणं सुटलंय. पत्र्यामागून चेंडूचा आवाज येतो, आणि तो घास हातात धरून सांगतो, कोण दमलंय. ती म्हणते, जेवा आधी.

तो आवाज मीही ऐकतो. अजून जळतो. सवय जात नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी बसलेलं दिसलं तर त्याला रिकामा समजू नका, आधी बघा त्याचं लक्ष कुठे आहे. आणि बसायची वेळ तुमच्यावर आली तर टॉवेल ओढून बसू नका.

ती बघा, तुमची गाडी धुऊन आली, फलाटाला लागतेय. प्रत्येकाला म्हणावंसं वाटतं की आणखी थोडं बसा, पण म्हणत नाही. पट्टीवर एक थाप मारा आणि उठा.